टिकेल ना निकाल?

"तीन वर्षं निकाल चढताच आहे. पण पुढं टिकेल का, ते सांगा," पुण्याहून आलेल्या माणसाने विचारलं. त्याची कंपनी लातुरातला हा कोचिंग क्लास विकत घ्यायच्या विचारात होती. घ्यावा की नाही, ते बघून अहवाल लिहायला याला पाठवलं होतं.

"बिनधास्त लिवा!" मालक सिद्धराम सरांनी टेबलावर थाप मारली. "फिजिक्सला आमच्या सुकन्या मॅडम हायत तवर काय चिंता न्हाई. एक सुट्टी घेत न्हाईत. वडलाला माती देऊन आल्या अन् संध्याकाळची बॅच घेतली!"

वर्गावर निघालेली सुकन्या दारातच उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी तिने सुट्टी मागितली होती. याच माणसाने फोनवर फोन करून तिला स्मशानातून बोलावून घेतलं होतं, आणि आता वर मिरवत होता!

"त्या आजारी पडल्या तर?"

"पडतच न्हाईत!"

हद्द झाली. स्वरयंत्रावर गाठ आहे, ऑपरेशन करा, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरांना सगळं ठाऊक होतं. आधी म्हणाले, परीक्षा होऊ द्या. मग म्हणाले, पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांची रिपीटर बॅच सुरू होऊ द्या. आता, कंपनीचं काम होऊ द्या. जळलं मेलं ते 'होऊ द्या'!

"सर, यांना माझ्या गळ्याचं सांगा," ती म्हणाली. आवाज पार चिरकला.

"थोडा बसलाय," सर हसले. "जावा मॅडम, पोरं वाट बघायलीत."

पुण्याचा माणूस मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "कंपनी आली की यांना आणखी दोन बॅच द्याव्या लागतील."

सुकन्याने ओढणीला लावलेला माईक उपटला आणि सरांच्या सदऱ्याला अडकवला. दंडाला धरून त्यांना तसंच वर्गात नेऊन उभं केलं.

"मी चालले दवाखान्यात. तुमचा निकाल तुम्हीच टिकवा. जराशी तरी लाज वाटू द्या!"

ती निघून गेली. वर्गातली सगळी पोरं उठून उभी राहिली. सिद्धराम सर नुसते नावाचे सर, त्यांना फिजिक्सचं एक अक्षरही येत नव्हतं. पुण्याचा माणूस दारातून बघत होता.

"बसा, बसा," सर म्हणाले. ते वर्गभर घुमलं.

पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, कालचं गणित अर्धंच राहिलंय."