उशिरा येणारा बाप

सगळी पोरं घरी गेली तरी एक उरली होती. रोजच उरायची. मावशींनी सतरंजी झटकली, खेळण्यांची टोपली कपाटाखाली सरकवली आणि दारातून गल्लीत डोकावून पाहिलं. कुणी येताना दिसत नव्हतं.

"काल माझ्या आईने मांजराला आंघोळ घातली," मागून आवाज आला.

"मग मांजर काय म्हणालं?"

"म्हणालं, साबण डोळ्यांत गेला."

झाली टकळी सुरू. मावशींनी तिचं नावच टकळी ठेवलं होतं. दिवसभर पोरांच्या कालव्यात ही तोंडात मूग धरून बसायची, पण खोली रिकामी झाली की हिची गाडी सुटायची. मांजर, मुंग्या, आईची वेणी, पुन्हा मुंग्या. मावशी भांडी विसळत "हो का?" आणि "अगं बाई" एवढंच म्हणायच्या. तेवढं तिला पुरायचं.

हे बालघर वस्तीनेच उभं केलं होतं. कामावर जाणाऱ्या आयांनी जुन्या गोदामातली एक खोली मिळवली. कुणी भिंती रंगवल्या, शिंपीणबाईंनी चिंध्यांच्या बाहुल्या शिवल्या, झाडलोट घराघराने वाटून घेतली. मावशींचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. "तुम्ही आमची पोरं सांभाळा, आम्ही तुम्हाला सांभाळतो," असं शिंपीणबाई म्हणाल्या होत्या. दिवसा ते खरंही वाटायचं. संध्याकाळी मात्र घर खायला उठायचं. एकटीपुरतं शिजवायचं, ते ओट्याजवळ उभ्यानेच खायचं, आणि शेजारच्या घरातलं भांडण कान देऊन ऐकायचं, कारण तेवढाच माणसांचा आवाज.

म्हणून टकळीचा बाप उशिरा येतो, हे त्यांना मनातून बरंच वाटायचं. हे अर्थातच त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

बाप वेल्डर होता. वस्तीत नवीनच राहायला आला होता. झाडलोटीची पाळी चुकवत नव्हता. मागची गंजून बसलेली खिडकीही त्यानेच सोडवून दिली होती. पण माणूस घुमा. बालघराच्या बैठकीला आला तर दाराशी बसायचा आणि सगळ्यांच्या आधी उठायचा. बायको सोडून गेली, असं लोक म्हणत. त्याने कधी होही म्हटलं नाही आणि नाहीही. पोरगी उठता-बसता आईचं नाव घ्यायची. बिचारीला आठवण येत असेल, असं मावशींना वाटायचं.

अंधार पडायला लागला की तो दारात उभा राहायचा. आणि त्याला पाहिलं की टकळीचं तोंड मिटायचं. तोंडातलं वाक्य तसंच टाकून ती खाली मान घालून चपला शोधायला लागायची. तो हात पुढे करायचा, ती तो धरायची आणि दोघं मुकाट्याने गल्लीतून निघून जायची.

आधी मावशींनी कानाडोळा केला. मग ते डोळ्यांत खुपायला लागलं. आत्ता खिदळणारं पोर बापाला बघून असं मिटतं, तर घरी काय होत असेल?

शेवटी त्या बैठकीत बोलल्या. नेमका त्या दिवशी तो आला नव्हता.

"बायको काय उगीच सोडून जाते?" शिंपीणबाई म्हणाल्या. "मारत असणार. नाहीतर पीत असणार."

"असं बघितल्याशिवाय म्हणू नये."

"मग बघा ना, मावशी. तुम्हीच विचारा त्याला. सरळ उत्तर दिलं नाही तर बालकल्याणवाल्यांना कळवू. पोर निदान सुखरूप तरी राहील."

कळवलं तर पोर बापाला दुरावेल, आणि मावशींनाही. तरी त्या हो म्हणाल्या. आपल्याला सोबत हवी म्हणून पोरीने का भोगायचं?

दुसऱ्या संध्याकाळी टकळी मुंग्यांच्या लग्नाची गोष्ट सांगत असतानाच मावशींनी वर्कशॉपला फोन लावला. मालकाने उचलला.

"तो? तो कधीच गेला की," मालक म्हणाला. "रोज सगळ्यांच्या आधी निघतो. पोरीला आणायचं असतं म्हणून जेवायची सुट्टीसुद्धा घेत नाही."

मावशींनी फोन ठेवला. मग एवढा वेळ हा माणूस असतो कुठे? गोदामाच्या मागच्या बोळातून पुढे गेलं की दारूचं दुकान होतं. शिंपीणबाईंचं बोलणं त्यांना खरं वाटायला लागलं.

"तू एक मोठ्ठी मुंगी काढ," त्यांनी टकळीच्या हातात खडू दिला. "मी आलेच."

त्या चपला सरकवून तरातरा मागच्या बोळात वळल्या आणि तिथेच थबकल्या.

तो बालघराच्या उघड्या खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. न उघडलेला डबा मांडीवर होता, डोळे मिटलेले. मावशी जवळ गेल्या. दारूचा वास येत नव्हता.

"हे शोभतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "पोर आत वाट बघते आणि तुम्ही इथं बसून राहता? रोज?"

"रोज," तो म्हणाला.

"एवढी जड झाली का ती?"

त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. आत सगळं शांत होतं.

"मावशी, तुम्ही आत जाता का?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही बाहेर आलात आणि ती बोलायची थांबली."

"थांबली तर थांबली. आता घरी न्या तिला. बोलेल की घरी."

"तिची आई वारल्यापासून," तो म्हणाला, "ती घरी एक शब्द बोललेली नाही."