सहरच्या सामानाचा बोर्ड

"काळा मार्कर घे ना आपा, तो जाड आहे," सहर म्हणाली.

इस्मतने काळा उचलला नाही, आकाशी उचलला.

सौदीत, जेद्दाच्या अझीझिया भागातल्या त्या इमारतीत कुणीही कायमचं घरी निघालं की सामान विकायचा बोर्ड इस्मतकडेच यायचा. लग्नाआधी तिने शाळेत चित्रकला शिकवली होती. वर लाल अक्षरांत 'फायनल एक्झिट', खाली मोजकं सामान आणि भाव, मग मजला आणि एक ठसठशीत बाण. उगाच पाल्हाळ नाही. एक कागद लिफ्टपाशी, दुसरा खालच्या किराणा दुकानाच्या काचेवर. संध्याकाळपर्यंत घर रिकामं. दुकानांत सौदी मुलंच ठेवायची असा हुकूम आल्यापासून आणि परदेशी कामगारांच्या बायकापोरांमागे सरकारी फी लागल्यापासून तर तिला उसंत नव्हती. सगळ्यांचे बोर्ड लिहून झाले, स्वतःचा लिहायची वेळ मात्र येईना.

आता सहरची पाळी. तिचा नवरा मोबाइलच्या दुकानात होता, ती नोकरी गेली. इस्मतचा शौकत एसी दुरुस्त करायचा. त्याच्या कामाला अजून धक्का नव्हता. नशीबवान आहेस गो, असं बायका इस्मतला म्हणायच्या आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला मुरुडला जायचं होतं. आई तिथे एकटी पडली होती. शौकतकडे विषय काढला की एकच उत्तर, "काम आहे तोवर कशाला हलायचं?"

"अम्मीने वरची खोली रंगवून घेतलीय," सहर सांगत होती. "पोरं आत्तापासून बॅगांवर चढून बसलीत. ईद घरी होणार म्हणून."

"हो का," इस्मत म्हणाली.

जळत होती ती. हिने असं काय मोठं केलं? नवऱ्याची नोकरी गेली आणि हिला बक्षीस लागलं. रडायच्या जागी ही खोलीचा रंग सांगत बसलीय. इस्मतने लाल मार्करचं टोपण काढलं, परत लावलं. ते दोन शब्द सहरसाठी तिला लिहवेनात. शेवटी आकाशी मार्करनेच तिने बारीक अक्षरांत लिहिलं, 'फर्निचर फॉर सेल'. खाली नुसतं सहरचं नाव आणि नंबर. लिफ्टपाशी लावायचा दुसरा कागद केलाच नाही.

"फायनल एक्झिट लिहायचं नाही?"

"लिहिलं की लोक अडून बसतात. जायचंच आहे म्हटल्यावर फुकटात मागतात."

"आणि भाव? बाण?"

"फोन करून येतील की विचारायला."

सहरला पटलं. "तुझ्याइतकं कुणाला कळतं, आपा," म्हणून तिने इस्मतच्या गळ्यात हात टाकले, अबाया चढवला आणि कागद घेऊन खाली गेली.

दुकानाच्या त्या काचेवर दिवसभर ऊन असतं. आकाशी अक्षरं तिथे रस्त्यावरून दिसतच नाहीत, आणि दिसली तरी परक्या बाईच्या नंबरावर फोन करायला तिथले पुरुष कचरतात. इस्मतला हे सगळं पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस तिचे कान जिन्याकडे लागले होते. कुणी आलं नाही. तिला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली, पण बोर्ड बदलायला ती काही खाली उतरली नाही.

निघायच्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात सहर उभी होती. मागे तिचा नवरा आणि शेजारचे दोघे सोफा धरून घामाघूम झाले होते.

"कुणी फिरकलंच नाही, आपा. एक चमचासुद्धा गेला नाही," सहर म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "रस्त्यावर टाकून जायला जीव होईना. म्हटलं, तू तर इथेच आहेस."

"अगं, मला कशाला? नको, खरंच नको."

"नाही म्हणू नकोस. तू एवढा बोर्ड करून दिलास."

तेवढ्यात आतून शौकत आला. सोफा बघून त्याचा चेहरा उजळला. "यल्ला, चला, आत घ्या, भिंत सांभाळा," म्हणत त्याने स्वतःच एक बाजू धरली. सोफ्यामागून फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, पलंग आला. घरातलं जुनं सामान शौकतने दुपारीच खाली कचऱ्यापाशी नेऊन ठेवलं.

सहरची टॅक्सी गेली. इस्मत वर आली तेव्हा शौकत नव्या सोफ्यावर पाय पसरून बसला होता.

"तुला बोललो नव्हतो," तो म्हणाला, "पण आपला फ्रिज धापा टाकत होता, मशीन गळत होतं. मनात म्हणत होतो, एवढा खर्च इथे करण्यापेक्षा ईदनंतर आपणही निघावं. तू किती दिवस मागे लागलीयस."

इस्मत दाराशीच थांबली.

"आता काही घाई नाही. चार-पाच वर्षं तरी घरात बघायला नको." त्याने शेजारची गादी थोपटली. "बस ना. उभी का? आपलाच आहे."