पाचवी ओळ

"ताई, ती बिननावाची ओळ परत आलीये. काढताय ना?" माझे साहेब, कल्याणसर, हेडफोनमध्ये कुरकुरले.

जामखेडच्या घरात बसून मी एका क्लाउड डेटा सेवेची माहितीपानं सांभाळते. त्यातल्या एका पानावर, सेवा कशी वापरायची ते दाखवणाऱ्या नमुन्याच्या तक्त्यात, दुसरं सुचेना म्हणून, आम्हा घरच्या चौघांचीच नावं-वयं भरली होती.

पाचवी ओळ मी भरली नव्हती. नाव कोरं, वय अकरा. रोज पुसायची, सकाळी हजर. बदलांच्या नोंदीत कुणाचंच नाव नाही. नवरा ती बघायचा आणि चहा घेऊन बाहेर ओट्यावर जायचा. मीही विषय काढत नसे.

आज वय बारा होतं. पुसायला माझं बोट उठेना.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"पुसू नगं तिला," त्या म्हणाल्या. "बारशाआधीच गेली आपली पोर. आज तरी नाव घाल."