अंगदची ओव्हर

पुढची माणसं पुन्हा उभी राहिली आणि सहादेवला पुन्हा नुसत्या पाठी दिसल्या.

“बसा की जरा खाली,” तो म्हणाला. पण ऐकतो कोण? त्याला स्वतःला उभं राहता येत नव्हतं. उजवा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेल्यापासून तो कुबड्यांवर चालायचा, आणि कुबड्या गेटवरच्या माणसाने काढून घेतल्या होत्या. काठीसारखं काही आत न्यायचं नाही म्हणे. भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटलीही तिथंच राहिली. दोन भल्या पोरांनी त्याला उचलून वर आणलं आणि सगळ्यांत मागच्या, सगळ्यांत स्वस्त रांगेत बायकोशेजारी बसवलं. स्वस्त म्हणजे तरी काय, दोन तिकिटांत घरचा बोकड गेला होता. मोठा पडदा नेमका त्यांच्या डोक्यावर टांगलेला, त्यामुळे तोही दिसायचा नाही.

खाली मैदानात बॉल टाकत होता तो त्यांचाच मुलगा होता, अंगद. आईबापाला फुकट पास मिळाले असते, पण अख्खा हंगाम बाकावर बसलेल्या पोराने पास मागायचे कोणत्या तोंडाने?

पाथर्डीकडचं हे घर दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचं. तिथं पाचटाच्या कोपीसमोर, झोपडीपुढच्या दगडावर बसून सहादेवने पोराला बॉल टाकायला शिकवलं. आपल्याला पळता येत नाही, ते सगळं पळणं त्याने त्या पोराच्या पायांत घातलं होतं. पोरगा पुण्याला गेला, नव्या लीगमध्ये दुसऱ्या शहराच्या टीममध्ये निवडला गेला, आणि बसून राहिला. आज शेवटची मॅच होती. सकाळी त्याने फोन केला होता. “अण्णा, आज एक ओव्हर देतो म्हन्लेत. नीट पडली तर पुढच्या साली ठिवतील. न्हाई तर कोयता हायेच.”

ती ओव्हर आता चालू होती.

“काय झालं गं?” सहादेवने विचारलं.

त्याची बायको झुंबरबाई खुर्चीवर चढून उभी होती. “लई लांब गेला बॉल. पार लोकांत जाऊन पडला.”

“कुनी टाकलेला?”

“आता दुसरं कोन टाकतंय? आपल्या अंगदनंच की.”

झुंबरबाईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. घरचा टीव्ही कायम गड्यांच्या ताब्यात. या खेळापायी पोरगं वेळेवर जेवत नाही, एवढीच तिची माहिती. पण लहानपणी ती ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायची. ज्याचा दगड लांब जातो तो वस्ताद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथंही टाकणारा तिचा मुलगा होता आणि बॉल लांब जात होता. मग आणखी काय समजून घ्यायचं?

भोवतीची सगळी गर्दी पुण्याच्या टीमची होती, आणि बॅटिंग पुण्याची होती. ज्याचा बॉल लोकांत जाऊन पडतो तो बॉलर संपला, हे त्याने बायकोला सांगायला हवं होतं. त्याच्याने सांगवलं नाही.

पुन्हा गलका उठला. झुंबरबाई टाळ्या पिटू लागली. “येवढ्याशा अंगात काय हा जोर. तुमी शिकिवलं ते वाया न्हाई गेलं बगा.”

मधे माणसं क्षणभर बसायची. तेवढ्यात सहादेवला अंगद दिसायचा, लांब, एवढासा, हात पँटला पुसत मागे चाललेला. तो वळून पळायला लागला की माणसं उठायची. त्याने पुढच्या खुर्चीला धरून एका पायावर उठायचा प्रयत्न केला. हात सटकला आणि तो पुन्हा खुर्चीत पडला. ज्यासाठी एवढ्या लांब आला, ते पोराचं धावत येणं त्याला एकदाही दिसलं नाही. ओव्हर संपली तशी अंगदला पार कडेला उभं केलं.

“आता का देईनात त्याला?” झुंबरबाईने विचारलं.

“समद्यांना पाळी द्यावी लागती.”

“हां, ते बी खरंच हाय म्हना,” ती म्हणाली आणि खुशीत खाली बसली.

मॅच संपली. गेटवर कुबड्या परत मिळाल्या. दोघं बाहेर कठड्यावर टेकली तोच सहादेवचा फोन वाजला.

“अण्णा, बगितलं का?” अंगदचा आवाज घोगरा झाला होता.

“न्हाई रं. पुढची मान्सं हटंचनात. मला कायबी दिसलं न्हाई.”

पलीकडे पोराने सोडलेला सुस्कारा सहादेवला ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या तुटक्या पायाचं बरं वाटलं.

“आन् आईनं?”

“तिला कुठं काय...” सहादेव म्हणेपर्यंत झुंबरबाईने फोन ओढून घेतला.

“अरं, मी बगितलं की समदं. खुर्चीवर हुबी ऱ्हाऊन बगितलं. काय टाकीत हुतास रं बाबा. एकेक बॉल पार लोकांत. समदी मान्सं नाचत हुती तुज्यासाठी.”

सहादेवने फोनसाठी हात पुढे केला. ती देईना. फोन कानाशी दाबून ती कितीतरी वेळ नुसती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचेही डोळे भरून आले.

“धरा,” शेवटी पदराने डोळे टिपत ती म्हणाली. “आनंदानं रडतंय लेकरू.”