तोंडात पान असेपर्यंत

दार धाकटीने उघडलं. दादाने बॅग खाली ठेवली आणि बाबा कसे आहेत म्हणून विचारलं. तिने नुसती मान हलवून आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांनी उगवलेल्या भावासमोर ती मूग गिळून बसणार, हे त्याने धरलंच होतं. तिचं कपाळ घामाने डबडबलं होतं, कान लालबुंद झाले होते. राग आजही तिच्या कानांवर दिसतो, असं त्याच्या मनात आलं.

खोलीत पडदे ओढलेले होते. बाबा भिंतीकडे तोंड करून, नाकापर्यंत पांघरूण घेऊन पडले होते. धाकटी उशाशी जाऊन बसली आणि अंधारात तो ओळखीचा आवाज सुरू झाला. कुटूर, कुटूर. सुपारी.

दादाच्या जिवात जीव आला.

बाबांनी गिरणीतल्या रात्रपाळ्या काढल्या त्या सुपारीच्या जोरावर. डोळा लागला की हात यंत्रात, म्हणून गालात कायम पान. पुढे गिरणी सुटली, पान काही सुटलं नाही. धाकटीला मात्र त्याच्या नुसत्या वासानेही गरगरायचं; पानाचा डबासुद्धा ती चिमटीत धरून उचलायची. बाबांचा एक नेम होता. रागावले की आधी पान थुंकायचे, मग तोंड सोडायचे. तोंडात पान असेपर्यंत घराला धोका नसायचा.

दादा घर सोडून गेला, त्या दिवशी त्यांनी पान थुंकलं होतं.

त्याने पलंगाच्या कडेला बसून त्यांचा हात हातात घेतला. गार होता. पण ते हात उबदार होते तरी कधी?

"बाबा, चुकलो मी," तो म्हणाला. "आईच्या आजारपणातही आलो नाही. तुमच्या शब्दाला शब्द लावून बसलो. मला माफ करा."

आवाज थांबला. आता थुंकणार, आणि मग सगळं संपलं.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पुन्हा, सावकाश, कुटूर, कुटूर.

दादा लहान मुलासारखा रडला. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. डोळे पुसून तो उठला आणि स्वयंपाकघरात आला. धाकटी मागोमाग आली.

"बाबांनाही घोटभर चहा देऊया का गं?" त्याने विचारलं.

ती मोरीपाशी गेली, भिंतीचा आधार घेऊन वाकली आणि तिने तोंडातलं लालभडक पान थुंकलं.