इंद्रजाल

बेगम बाजारातल्या छाप्यात जप्त झालेलं पार्सल फॉरेस्टच्या माणसाने त्रिवेणीबाईंच्या टेबलावर सोडलं. आत इंद्रजालाची फ्रेम होती. नजर लागू नये म्हणून लोक दारावर टांगतात ती काळी जाळीदार फांदी झाडाची नसते, समुद्रातल्या प्राण्याची असते. तो नेमका कोणत्या जातीचा, हे विचारायला, बाई निवृत्त झाल्या तरी, सगळे नल्लकुंट्याला त्यांच्या घरीच येत.

"जल्दी लिख देव ना, मॅडम."

"जल्दी नक्को. एक बार गलत नाम चिपका, तो निकलता नहीं." प्राणिशास्त्राच्या उभ्या नोकरीत बाईंनी नमुन्यांच्या एकाही बाटलीवर चुकीचं नाव राहू दिलं नव्हतं.

फांदीवरच्या सालीचा नखाएवढा तुकडा त्यांनी ब्लीचमध्ये टाकला. मांस विरघळून चुन्याचे कण तळाशी बसले. त्यांचे आकार सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा पाहून त्यांनी जातीचं नाव लिहून दिलं.

फ्रेम परत खोक्यात ठेवताना एक चिठ्ठी खाली पडली. 'आई, घरात एकटी असतेस म्हणून पाठवतोय. दारावर लाव. दिवाळीला नक्की येतो. तुझा तेजस.'

"क्या लिखा है?" त्या माणसाला मराठी येत नव्हती.

"बेटे ने माँ को लिखा है."

"अपने काम का नहीं. फेंक देव."

तो गेल्यावर बाईंनी चिठ्ठी नीट सरळ केली आणि फ्रीजच्या दारावर चिकटवली.

त्यांच्या मुलाचं नाव युवराज होतं.