पोचल्याचा निरोप

नवजात बाळांना ऊब देणारं मशीन तेजलनं डॉक्टरीणबाईंसमोर सुरू केलं आणि ते लगेच हँग झालं. त्यातला नवा कर्नल, म्हणजे मशीनचा सगळा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्राम, तिनंच लिहिला होता.

मशीन सुरू झालं की आधी ऑफिसातल्या ज्येष्ठ कुमुदताईंनी लिहिलेलं फर्मवेअर, म्हणजे सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्राम, जागं व्हायचं, सगळे भाग तपासायचं आणि कारभार तेजलच्या कर्नलकडे सोपवून बाजूला व्हायचं. ताईंची अट एकच होती, कारभार हाती घेतला की कर्नलनं फर्मवेअरला पोचल्याचा निरोप द्यायचा.

"एकदा सोपवलं ना, मग ही चौकशी कशाला?" तेजल वैतागली होती.

ताईंनी अट तशीच ठेवली होती. ऑफिसातून निघणाऱ्या प्रत्येकीला त्या बजावत, "पोचलीस की फोन कर गं." तेजलनं तो कधीच केला नव्हता.

आता स्क्रीन आपोआप काळी झाली. तेजलनं डोळे मिटले. उघडले तेव्हा मशीन पुन्हा सुरू होत होतं आणि स्क्रीनवर ताईंनी लिहून ठेवलेली ओळ होती: 'नव्याचा निरोप आला नाही. जुन्याला बोलावते.'

तिचाच जुना, पारखलेला कर्नल आला, निरोप देऊन कामाला लागला. छोटी गादी हळूहळू कोमट झाली.

"अरे वा, स्वतःच सावरलं की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आमच्या कुमुदताईंनी सावरलं," तेजल म्हणाली.

संध्याकाळी घरी येताच चपलाही न काढता तिनं फोन लावला.

"ताई, पोचले."

"बरं झालं गं बाई. चल, आता मी जेवायला बसते."